ई-टाइप थांबते कशी?

१९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जग्वारची ई-टाइप आली, तेव्हा बोलबाला झाला तो तिच्या लांबलचक बॉनेटचा आणि ताशी १५० मैलांच्या दाव्याचा. मला मात्र या गाडीचं पळणं जेवढं थक्क करतं, त्याहून जास्त तिचं थांबणं.

हिशेबच करून पाहू. माणसांसकट गाडी १३०० किलोची धरली, तर ताशी १०० किलोमीटरला तिच्यात जी ऊर्जा असते, तेवढ्यात नळाचं दीड लिटर पाणी उकळेल. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट, म्हणजे सहा लिटर! ताशी २०० वरून गाडी सातेक सेकंदांत उभी केली, तर त्या वेळात ब्रेक सरासरी पावणेचारशे अश्वशक्तीनं काम करतात. इंजिन किती अश्वशक्तीचं? २६५. आणि ही सगळी उष्णता झेलायची कुणी, तर चार लोखंडी डिस्कनी. पुढच्या ११ इंची, मागच्या १० इंची.

डिस्क ब्रेकची ताकद जग्वारनं १९५३ मध्येच ल मान्सला दाखवली होती. डनलॉपच्या डिस्क लावलेली सी-टाइप तिथली २४ तासांची शर्यत जिंकून गेली.

आज ई-टाइप बाळगणाऱ्यांची नेहमीची कुरकूर असते, की ब्रेक लागतच नाहीत. मग शोध सुरू होतो मोठ्या कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबून धरणाऱ्या पकडीचा. पण शेवटी रस्ता धरतो तो टायर. जुना ब्रेक जोरात दाबल्यावर चाक जाम करू शकत असेल, तर मोठ्या कॅलिपरनं गाडी एक फूटही अलीकडे थांबणार नाही. त्याचा उपयोग लांबलचक उतारावर, दहाव्यांदा ब्रेक दाबताना, कारण तो तापून हात टेकत नाही. तेव्हा रोजच्या रस्त्यासाठी आधी पैसे टायरवर घालावेत, असं माझं मत.

त्यानंतर पाहावं ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतलं पाणी गुपचूप शोषत राहतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही हमी १५५ वर येते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र खुशाल दबते, आणि पेडल थेट तळाला जातं. रबरी होज तर आणखी फसवे. वरून ठणठणीत दिसतात, आतून फुगून भोक बुजवतात. पायाच्या जोरानं ऑइल पुढे जातं, पाय काढल्यावर परत येत नाही, आणि ब्रेक धरून बसतो.

कॅलिपरच्या पोटातली करामत तर पाहण्यासारखी. सुरुवातीच्या ई-टाइपच्या डनलॉप कॅलिपरमध्ये पिस्टनच्या आत एक बुश असतो, तो सिलिंडरच्या तळाशी बसवलेल्या बारीक पिनेला घट्ट पकडतो. पाय काढला की ही जोडी पिस्टनला जेमतेम पाव मिलिमीटर मागे ओढते. पॅड झिजला की बुश पिनेवर तेवढाच पुढे सरकतो, आणि ते पाव मिलिमीटर कायम राहतं! साठ वर्षांच्या गंजानं हे सरकणं अडलं की पॅड डिस्कला घासत राहतो. हा कॅलिपर नीट दुरुस्त झाला तरी गाडी ओळखू येत नाही.

पॅड शर्यतीचे घेऊ नयेत. गार असताना ते धरत नाहीत, आणि गल्लीतून निघालेली गाडी गारच असते. फक्त मागचेच ब्रेक तगडे करणं त्याहून वाईट: मागची चाकं आधी जाम झाली की गाडी गर्रकन फिरते.

मागच्या डिस्क या गाडीत चाकापाशी नसून मधोमध, डिफरन्शियलला चिकटून आहेत. चाकासोबत वर-खाली होणारं वजन कमी राहावं म्हणून. त्यांच्या उष्णतेनं डिफरन्शियलचे ऑइल सील भाजून निघतात, आणि डिस्क बदलायची तर मागचा अख्खा सांगाडा खाली उतरवावा लागतो. एवढा उतरवलाच आहे, तर सील, होज आणि हँडब्रेकचे वेगळे कॅलिपर त्याच खेपेला उरकून घ्यावेत. मजुरी दोनदा मोजायला जीव होत नाही.