बिबट्याची भीती आणि आपलं लेकरू

जुन्नर-आंबेगावात आपल्या कितीतरी वस्त्या उसाला लागून. सांज झाली की लेकरं लघवीलाही एकटी जात नाहीत. आपण पटकन म्हणतो, "एवढा मोठा झालास, घाबरतोस काय?" पोर गप्प होतं, भीती मात्र आत राहते. कधी पोट दुखतं, कधी अंथरूण ओलं होतं. बॅटरी घेऊन सोबत जाऊ, जवळ घेऊन विचारू, "कशाची भीती वाटली?" पुरतं ऐकू. आपल्यालाही वाटते, हेही सांगू. असं पोर मग शाळेत रडणाऱ्या सोबत्यापाशी जाऊन बसतं. बाबासाहेबांनी करुणेपुढची मैत्री सांगितली, ती सर्व जिवांसाठी. माणिकडोहच्या निवारा केंद्रातल्या बिबट्यांबद्दलही पोरांशी बोलावं. अंथरूण ओलं होणं थांबेना, तर न रागावता सरकारी दवाखान्यात दाखवावं.