डागाळलेल्या सफरचंदांचा सॉस वर्षभर टिकतो कसा? होम कॅनिंगमागचं विज्ञान

परसातल्या झाडाचं सफरचंद दुकानातल्यासारखं गुळगुळीत का नसतं? कारण सोपं आहे. बागायतदार हंगामभर ठरावीक दिवसांनी फवारण्या करतात, फळं विरळ करतात आणि शेवटी डागाळलेला माल बाजूला काढतात. मी मिशिगनमध्ये राहतो. आमच्या घरामागच्या जुन्या झाडाला यातलं काहीच मिळत नाही. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जी फळं हाती लागतात त्यांवर खवले, काळे ठिपके, भोकं, गारांचे वण असं सगळं असतं. चव मात्र उत्तम. अशा फळांचा इकडे सर्रास होणारा उपयोग म्हणजे ॲपलसॉस, म्हणजे सफरचंद शिजवून केलेला मऊ गर, काचेच्या बरण्यांत भरून वर्षभरासाठी ठेवायचा. याला कॅनिंग म्हणतात. कॅन म्हणजे डबा, पण घरी करताना डबा कुठेच नसतो, सगळं काचेत.

आपल्याकडे टिकाऊ पदार्थ म्हटलं की लोणचं, मुरांबा, पापड. लोणचं मीठ-तेलावर टिकतं, मुरांबा साखरेवर, पापड वाळवल्यामुळे. तिघांमागे कल्पना एकच : जंतूंना वापरता येईल असं पाणी शिल्लक ठेवायचं नाही. ॲपलसॉसमध्ये पाणी भरपूर असतं, साखर घातली नाही तरी चालते, मीठ-तेल तर नसतंच. मग तो टिकतो कशावर? आंबटपणा, उष्णता आणि हवाबंद झाकण या तिघांवर. यातलं एक जरी निसटलं तरी बरणी बाहेरून छान दिसते आणि आत गडबड असू शकते.

पण बरणीच्या आधी फळांची निवड, कारण खरा निर्णय तिथेच होतो.

कुठला डाग चालतो, कुठला नाही?

सालीवरचे खडबडीत तपकिरी खवले म्हणजे बहुतेक वेळा ॲपल स्कॅब, एक बुरशीजन्य रोग. दिसायला वाईट, पण तो बहुतांशी सालीपुरताच असतो. साल काढली की काम झालं. काजळी पुसल्यासारखे काळपट पट्टे आणि माशीने ठिपके दिल्यासारखे बारीक काळे ठिपके, हेही सालीवरच राहतात. गारांचे सुकलेले वण चालतात. सालीखाली बुचासारखे कोरडे तपकिरी ठिपके दिसले तर ती बहुधा कॅल्शियमची कमतरता, तेवढा भाग कोरून टाकायचा. भोक असेल तर आत कॉडलिंग मॉथ या पतंगाची अळी गाभ्यापर्यंत गेलेली असते आणि मागे तपकिरी भुसा सोडलेला असतो. तो सगळा भाग सढळ हाताने कापायचा, उरलेलं फळ वापरायचं.

सडलेलं फळ मात्र नाही. "एवढंसं तर सडलंय, कापून टाकू की" हा विचार इथे सोडून द्या. सफरचंदावर वाढणारी निळसर-हिरवी बुरशी पॅट्युलिन नावाचं विष तयार करते. ते डोळ्यांना दिसणाऱ्या सडक्या भागाच्या पलीकडेही पसरलेलं असू शकतं आणि मुख्य म्हणजे उकळल्याने ते नाहीसं होत नाही. अमेरिकेत सफरचंदाच्या रसात पॅट्युलिनची मर्यादा किलोमागे 50 मायक्रोग्रॅम एवढीच आहे. उष्णता जंतू मारते, जंतूंनी आधीच करून ठेवलेलं सगळं विष मारत नाही. याच कारणाने मी जमिनीवर पडलेली फळं सॉससाठी उचलत नाही. आपटलेल्या जागी बुरशी फार लवकर शिरते, शिवाय आमच्याकडे झाडाखाली हरणं चरून जातात आणि लेंड्या टाकतात.

आंबटपणाचा पहारा

कॅनिंगमधली सगळ्यात मोठी भीती म्हणजे बोटुलिझम. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीत सगळीकडे असतात आणि ते उकळत्या पाण्यात मरत नाहीत. त्यांना मारायला साधारण 121 अंश सेल्सियस लागतं, ते फक्त दाबाखाली मिळतं. हवा नसलेली बंद बरणी ही तर त्यांची आवडती जागा. त्यांचं विष मज्जासंस्थेवर हल्ला करतं आणि त्याला वास-चव काहीच नसते. म्हणजे लोणच्याची बरणी उघडून हुंगायची आपली सवय इथे कामाची नाही.

मग सफरचंद साध्या उकळत्या पाण्यात कसं चालतं? कारण पीएच 4.6 पेक्षा कमी असेल तर हे बीजाणू रुजूच शकत नाहीत. सफरचंदाचा पीएच साधारण 3.3 ते 4 मध्ये असतो. बीजाणू जिवंत राहतात, पण झोपलेले. उरलेले साधे जिवाणू, यीस्ट आणि बुरशी यांना उकळतं पाणी पुरतं. फळ जास्त पिकलं की आंबटपणा उतरतो, म्हणून फार गोड फळं असतील तर तीन भागांना एक भाग आंबट सफरचंदं मिसळतात. चवही सुधारते.

हाच नियम उलटा लावून बघा. वरण, आमटी, फरसबी, मका हे आंबट नाहीत. ते उकळत्या पाण्याच्या पद्धतीने बरणीत कधीच भरायचे नाहीत. "मग कुकरमध्ये शिट्ट्या काढू का?" तर नाही. कॅनिंगच्या वेळा मोठ्या प्रेशर कॅनरसाठी तपासलेल्या असतात. आपला घरचा छोटा कुकर फार पटकन तापतो आणि थंड होतो, त्या वेळा त्याला लागू पडत नाहीत. इलेक्ट्रिक मल्टिकुकरचंही तेच.

पुरणयंत्र काढा

साफ केलेल्या फोडी थोड्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायच्या. इकडे त्या गाळायला फूड मिल वापरतात. दांडा फिरवायचा, खाली जाळी, गर खाली आणि चोथा वर. ओळखीचं वाटलं ना? ते आपलं पुरणयंत्रच आहे! फक्त स्टीलचं घ्या. आंबट पदार्थ पितळेत कळकतो. स्वच्छ सालीची फळं सालीसकट शिजवली तर लाल जातींचा सॉस सुंदर गुलाबी होतो. डागाळलेल्यांची साल मात्र आधीच काढलेली बरी.

किती फळं लागतात? एका क्वार्ट बरणीला, म्हणजे सुमारे 950 मिलीला, साधारण 3 पाउंड, म्हणजे 1.4 किलोच्या आत-बाहेर. हा हिशोब चांगल्या फळांचा आहे. आपली फळं कापून-कोरून झाल्यावरच वजन करा.

झाकणाचा "टिंग"

उकळता सॉस गरम बरणीत भरायचा, वर अर्धा इंच जागा सोडून. ही अर्ध्या इंचाची जागा हौस नाही. जागा कमी ठेवली तर सॉस फुगून झाकणाखाली येतो आणि झाकण बसत नाही, जास्त ठेवली तर आतली सगळी हवा बाहेर जात नाही. कडा पुसायची, चपटं झाकण ठेवायचं, वरून रिंग बोटांच्या जोराने फिरवायची. करकचून आवळायची नाही, कारण तापताना आतली हवा झाकणाखालून बाहेर पडायला हवी. मग बरण्या उकळत्या पाण्यात, झाकणांवर किमान एक इंच पाणी राहील अशा बुडवायच्या. बाहेर काढल्यावर बरणी थंड होते, आतली वाफ आक्रसते, निर्वात पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेचा दाब झाकणाला आत खेचतो. तेव्हा "टिंग" असा आवाज येतो. इतक्या मेहनतीनंतर तो फार गोड लागतो!

निकोला आपेर या फ्रेंच माणसाने काचेच्या बाटल्या बंद करून उकळण्याची ही युक्ती काढली. 1810 मध्ये त्याला सरकारकडून 12,000 फ्रँकचं बक्षीस मिळालं. अन्न का टिकतं हे मात्र त्याला सांगता येत नव्हतं, कारण पाश्चरचे प्रयोग पुढे अर्ध्या शतकाने झाले. स्क्रूच्या आट्यांची बरणी अमेरिकेत जॉन मेसनने 1858 मध्ये पेटंट केली. आजही तिला मेसन जारच म्हणतात.

उकळायचं किती वेळ? अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार समुद्रसपाटीपासून 1,000 फुटांपर्यंत पिंट बरणीला (सुमारे 475 मिली) 15 मिनिटं, क्वार्टला 20. मोजायला सुरुवात बरण्या टाकल्यानंतर पाणी पुन्हा उकळल्यावर. उंचीप्रमाणे वेळ वाढते, कारण उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं. सुमारे 5,280 फुटांवरच्या डेन्व्हरमध्ये ते साधारण 95 अंशांनाच उकळतं. तिथे पिंटला 20 आणि क्वार्टला 30 मिनिटं. पुणं सुमारे 1,840 फुटांवर आहे, म्हणजे कुणी पुण्यात करायचं ठरवलं तर पिंटला 20 आणि क्वार्टला 25.

गरम सॉस भरून बरणी उलटी ठेवायची, किंवा ओव्हनमध्ये बरण्या तापवायच्या, असे शॉर्टकट फिरत असतात. दोन्ही टाळा. झाकण चिकटतं खरं, पण बरणीच्या मध्यापर्यंत पुरेशी उष्णता गेली की नाही हे त्यावरून कळत नाही.

बरण्या 12 ते 24 तास न हलवता ठेवा. मग झाकणाच्या मध्यावर बोट दाबा. खालीवर झालं तर ती बरणी सील झालेली नाही, फ्रीजमध्ये ठेवून संपवा. बाकीच्यांच्या रिंगा काढून ठेवायच्या, म्हणजे पुढे आत काही आंबून वायू तयार झाला तर झाकण उचललं जाईल आणि लगेच दिसेल. बरणीवर तारीख घाला आणि अंधाऱ्या, थंड जागी ठेवून वर्षभरात वापरा.