साखरेच्या रसायनातील पेटंटे : लातूर-नांदेडचा मागोवा

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील साखर कारखान्यांत ऊस गव्हाणीत पडतो आणि साखर, मोलॅसिस (मळी) व बगॅस (चोथा) होऊन बाहेर येतो. या प्रवासातल्या कळीच्या पायऱ्या कधीकाळी कुणाच्या तरी पेटंटात बंदिस्त होत्या. पेटंट हा एक सौदा असतो. संशोधकाने आपली कृती जगापुढे उघड करायची आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षे तिच्यावर एकाधिकार मिळवायचा. मुदत सरली की ती कृती सर्वांची होते.

पहिली मोठी पायरी उकळण्याची. गुऱ्हाळातल्या काहिलीत रस उघड्यावर, कडक आचेवर आटतो. त्या उष्णतेत थोडे सुक्रोज, म्हणजे साखरच, मोडून त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते आणि रसाचा रंगही गडद होतो. गुळाला हे चालते, पण पांढऱ्या दाणेदार साखरेला चालत नाही. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड यांनी यावर निर्वात पॅनचा उपाय काढला आणि १८१२-१३ च्या सुमारास त्याचे पेटंट घेतले. भांड्यातील हवेचा दाब कमी केला की पाक कमी तापमानाला उकळतो. त्यामुळे साखर करपत नाही आणि स्फटिक चांगले धरतात.

दुसरी पायरी इंधनाच्या बचतीची. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलियू यांनी १८४३ आणि १८४६ मध्ये बहुपात्री बाष्पीभवनाची पेटंटे मिळवली. पहिल्या पात्रातून निघणारी वाफ दुसऱ्या पात्राला तापवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला. प्रत्येक पुढच्या पात्रात दाब कमी ठेवल्याने तीच उष्णता पुन्हा पुन्हा कामी येते. वर्णभेदाच्या त्या काळात आफ्रिकी वंशाच्या आईच्या पोटी जन्मलेल्या या अभियंत्याची पद्धत पुढे जगभरच्या साखर उद्योगाने स्वीकारली. कारखाने आज बगॅसवर स्वतःची वाफ भागवून उरलेली वीज विकू शकतात, त्यामागे हीच काटकसर आहे.

ही यंत्रविद्या गोदावरी-मांजराच्या खोऱ्यात पोहोचली तोवर तिची मूळ पेटंटे केव्हाच संपली होती. नांदेडच्या सीमेलगत बोधन येथे १९३७ मध्ये निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली, तेव्हा नांदेड आणि लातूरचा परिसर हैदराबाद संस्थानातच होता. स्वातंत्र्यानंतर सहकाराचे वारे पश्चिम महाराष्ट्रातून, १९५० च्या प्रवरा कारखान्यापासून, मराठवाड्याकडे आले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला आणि त्याच दशकात विलासराव देशमुख यांच्या पुढाकाराने मांजरा कारखाना उभा राहिला. नांदेडमध्ये भाऊराव चव्हाण कारखाना झाला. शंभराहून अधिक वर्षे जुन्या कल्पना शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभ्या राहिल्या, आणि त्यासाठी कुणाला स्वामित्वशुल्क द्यावे लागले नाही.

याच काळात देशाचा कायदाही बदलला. १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून लागू झाला. रासायनिक प्रक्रियेतून मिळणाऱ्या पदार्थावर त्याने पेटंट नाकारले, केवळ पद्धतीवर दिले. १ जानेवारी २००५ पासून पदार्थावरही २० वर्षांचे पेटंट मिळू लागले. वनस्पतीवर मात्र पेटंट मिळत नाही. वाणांचे हक्क २००१ च्या वेगळ्या कायद्याने राखले जातात आणि त्यात शेतकऱ्याचाही हक्क मान्य केला आहे.

साखरेचाच रेणू बदलून कशी मोठी मालमत्ता तयार होते, हे १९७६ मध्ये लंडनमध्ये दिसले. टेट अँड लाइल कंपनी आणि क्वीन एलिझाबेथ कॉलेज यांच्या संयुक्त कामात शशिकांत फडणीस हे भारतीय संशोधक होते. पदार्थ तपासून पाहा, ही सूचना त्यांनी चाखून पाहा अशी ऐकली आणि तो कमालीचा गोड निघाला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. सुक्रोजच्या रेणूवरील तीन हायड्रॉक्सिल गटांच्या जागी क्लोरीन आला की सुक्रालोज होते. ते साखरेपेक्षा सुमारे ६०० पट गोड असते. कच्चा माल साधी साखर असला, तरी किंमत ज्ञानाची होती.

मराठवाड्यासाठी पुढचा टप्पा इथेनॉलचा. यीस्ट सुक्रोजचे विघटन करून मद्यार्क आणि कर्बवायू बनवते. सैद्धांतिक हिशेबाने १०० किलो सुक्रोजपासून सुमारे ५४ किलो इथेनॉल निघते. देशात २००३ मध्ये पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉलचे मिश्रण सुरू झाले. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बी हेवी मोलॅसिस (बरीच साखर शिल्लक असलेली मळी), उसाचा रस, गोड ज्वारी आणि मका यांनाही वाट दिली.

गोड ज्वारीची वाट नांदेडमध्ये आधीच चोखाळली गेली होती. २००९ च्या सुमारास टाटा केमिकल्सने तेथे दिवसाला ३० हजार लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारला. ज्वारीच्या ताटात साखर असते आणि पीक उसाच्या तुलनेत थोड्याच पाण्यात येते, म्हणून कल्पना मोलाची होती. पण कापलेल्या ताटातली साखर झपाट्याने उतरते, त्यामुळे दोन दिवसांत गाळप व्हावे लागते. हंगामही थोडक्याच आठवड्यांचा असतो. हा प्रयोग टिकला नाही.

आता नजर साखरेकडून काड्याकचऱ्याकडे वळली आहे. बगॅस, कडबा आणि कापसाच्या पऱ्हाट्या यांतले सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्याच लांब साखळ्या. त्या तोडणारी विकरे आणि पूर्वप्रक्रिया हा आजच्या पेटंटांचा प्रांत आहे. १० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपत येथे सुरू झालेला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा इंडियन ऑईलचा प्रकल्प पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रज्ञानावर उभा आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रदेशाने उसाचे क्षेत्र वाढवण्यापेक्षा शेतात पडून राहणाऱ्या काडातून मूल्य काढणे शहाणपणाचे. त्याचे ज्ञान परभणीच्या कृषी विद्यापीठात आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात जोपासले गेले पाहिजे. जुनी पेटंटे मराठवाड्याला फुकट मिळाली, पुढची पेटंटे मराठवाड्याने स्वतः मिळवावीत.