मोंद्रागोनहून: कारखाना कुणाचा?

कोल्हापूरहून फोन आला की प्रश्न ठरलेला: तिकडं समाजवाद चालतो म्हणे, खरं काय? मग बिंदू चौकात बसल्यागत वाद रंगतो. एकजण सोव्हिएत रशिया कोसळल्याचा दाखला देतो, दुसरा अमेरिकेतल्या बेघरांचा. कागल आणि बिदरीचे साखर कारखाने हाकेच्या अंतरावर असताना आपण रशिया-अमेरिकेवर घसा का बसवतो, हे मला कळत नाही.

स्पेनच्या बास्क डोंगरातल्या या गावात होसे मारिया अरिझमेंदिअरिएता नावाच्या धर्मगुरूनं तंत्रशाळा काढली. तिथं शिकलेल्या पाच जणांनी 1956 मध्ये स्टोव्हचा कारखाना सुरू केला. आज त्यातून वाढलेल्या समूहात ऐंशीच्या आसपास सहकारी संस्था आणि सुमारे सत्तर हजार कामगार आहेत. माल बाजारातच विकायचा, स्पर्धा कडवी. 2013 मध्ये समूहातल्या फागोरचा घरगुती उपकरणांचा कारखाना दिवाळखोरीत निघाला आणि समूहानं आणखी पैसे ओतायला नकार दिला. मात्र तिथल्या बहुतेक सभासद कामगारांना दुसऱ्या संस्थांत काम किंवा मुदतपूर्व निवृत्ती मिळाली.

माझा शेजारी प्रेसवर काम करतो. सभासद होताना त्यानं पंधरा हजार युरोच्या आसपास भांडवल घातलं, तेही पगारातून हप्त्यानं. परवा सभेहून उशिरा आला आणि जेवणाच्या टेबलावर ताळेबंद पसरून बसला. घसाऱ्याच्या आकड्याखाली पेन्सिलीची रेघ मारलेली. नवी प्रेस कर्जावर घ्यावी की यंदा सगळ्यांनी पगार थोडा कमी घेऊन थांबावं, यावर त्याचं आणि बायकोचं जुंपलं. मतदान पुढच्या सभेत. व्यवस्थापकाला एक मत, त्यालाही एकच. वरच्या आणि खालच्या पगारातला फरकही साधारण सहापटीचाच.

गावाकडं आमच्या घरी साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल यायचा तो सभासद साखरेच्या कार्डासोबत फडताळात जायचा. वार्षिक सभेत मागून कुणी प्रश्न विचारायला उठला की पुढून ‘मंजूर, मंजूर’चा गजर, आणि पंधरा मिनिटांत विषयपत्रिका संपली. शेजाऱ्याचा तो ताळेबंद बघताना मला हेवा वाटला, आणि आपल्या माणसांचा रागही आला.

कारण आपल्याकडं काय कमी आहे? विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी 1950 च्या सुमारास प्रवरेला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला. वारणेला तात्यासाहेब कोरेंनी कारखान्याभोवती अख्खा परिसर घडवला. 1963 मध्ये गोकुळ दूध संघ आला. सावकाराच्या आणि व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सुटला तो यामुळंच, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण सभासद व्हायला ऊस लागतो. बॉयलरवर उभा राहणाऱ्याला कामगार म्हणून सभेत मत नाही. गोकुळच्या निवडणुकीत मत गावच्या दूध संस्थेच्या प्रतिनिधीचं, म्हणजे ठरावधारकाचं, धारा काढणाऱ्या बाईचं नव्हे. आणि बीडहून मुकादमाची उचल घेऊन येणारा कोयता? नवरा-बायको मिळून एक कोयता, पहाटेच्या थंडीत फडात, पोरं पालात. जयसिंगपूरला शेतकऱ्यांच्या ऊस परिषदेत दराच्या मागणीचा आकडा ठरतो तेव्हा तोडणीचा दर खर्चाच्या बाजूला मांडला जातो. डावे त्याच्यासाठी मोर्चे काढतात, संपही होतात. पण त्याला सभासद करा, असं कुणी ठणकावून म्हणताना मी ऐकलं नाही.

शेजाऱ्यालाही मी सोडलं नाही. समूहाचे परदेशातही कारखाने आहेत आणि तिथले कामगार सभासद नाहीत, पगारी नोकर आहेत. हे कसं चालतं, विचारलं. तो म्हणाला, प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, शिवाय तिकडचा कारखाना तोट्यात गेला तर इथल्यांचं भांडवल जाईल. मला ते पटलं नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं. आपले संचालकही ऊसतोड्याबद्दल हेच बोलतील: तो हंगामी, आज इथं, उद्या तिथं.

तर मंडळी, रशिया आणि अमेरिका पुढच्या खेपेला. येत्या सभेला जाणार असाल तर एवढंच विचारा: सलग काही हंगाम आपल्याच कारखान्याचा ऊस तोडणाऱ्याला आणि त्याच्या बायकोला वेगवेगळा एकेक शेअर का देता येत नाही? भांडवल मजुरीतून हप्त्यानं कापा. उपविधीत कुठली दुरुस्ती लागेल तेही लेखी मागा. आणि ‘मंजूर, मंजूर’ सुरू झालं तरी खाली बसू नका.