निकाल ठरलेला, पण मार खरा! जपानची कुस्ती डब्ल्यूडब्ल्यूईपेक्षा वेगळी कशी?

लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूईचे पत्ते जमवणाऱ्यांना एव्हाना कळून चुकलंय की सामन्याचा निकाल आधीच ठरलेला असतो. जपानमध्येही तो ठरलेलाच असतो. फरक आहे तो माराचा.

अमेरिकेत बराच वेळ माइकवरच्या भांडणांत आणि हेवेदाव्यांत जातो. मालिकाच म्हणा ना! जपानची 'पुरोरेसु' मात्र खेळासारखी मांडली जाते. सुमो सोडून आलेल्या रिकिडोझानने १९५० च्या दशकात ती टीव्हीवरून लोकप्रिय केली. त्याचा शिष्य अँतोनियो इनोकी याने १९७२ मध्ये 'न्यू जपान प्रो-रेसलिंग' काढली आणि 'स्ट्राँग स्टाइल' रुजवली. म्हणजे लाथ असो, कोपर असो की छातीवरची चापट, ती बघणाऱ्यालाही झोंबली पाहिजे. तिथले नवशिके 'यंग लायन' साध्या काळ्या चड्डीत लढतात आणि सरावाबरोबर सीनियरचे कपडेही धुतात. रिंगबाहेर पडलेल्याला परतायला २० आकडे मिळतात, डब्ल्यूडब्ल्यूईत फक्त १०.

पण याची किंमतही खरीच असते. मित्सुहारू मिसावाची मान वर्षानुवर्षांच्या आदळआपटीने खिळखिळी झाली होती. २००९ मध्ये हिरोशिमातल्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याने त्याला मागे उचलून आपटलं, तो उठलाच नाही. वय होतं ४६.

२०१७ मध्ये कात्सुयोरी शिबाताने काझुचिका ओकादाला कपाळाने धडक दिली. हात मध्ये घालून धक्का झेलण्याची युक्ती त्याने वापरलीच नाही. कपाळातून रक्त आलं, तरी सामना पूर्ण केला आणि पडद्यामागे जाऊन कोसळला. डोक्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. पुन्हा रिंगमध्ये लढायला त्याला चार वर्षांहून जास्त काळ लागला.