तेल आणि माती

१८४७ च्या सुमारास तुरिनमध्ये आस्कानिओ सोब्रेरो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने ग्लिसरीनपासून एक जड, तेलकट द्रव तयार केला. नायट्रोग्लिसरीन. नुसत्या हादऱ्यानेही हा द्रव भडकत असे. एका स्फोटात काचेच्या तुकड्यांनी सोब्रेरोच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण उमटवले. आपण जन्माला घातलेल्या या द्रव्याची त्याने स्वतःच धास्ती घेतली.

स्वीडनच्या आल्फ्रेड नोबेलला मात्र त्यात डोंगर फोडण्याचे सामर्थ्य दिसले. पण हे तेल विलक्षण लहरी! बत्ती दिली तर कधी नुसतेच जळून जाई आणि नको त्या क्षणी फुटे. आधी एक लहान स्फोट घडवून त्याच्या धक्क्याने तेल पेटवावे, ही युक्ती नोबेलने शोधली. पुढे तिच्यातूनच डिटोनेटर घडला. यश हाताशी आले असतानाच ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधील हेलेनेबोर्ग येथील नोबेलची कार्यशाळा उडाली. मृतांमध्ये आल्फ्रेडचा धाकटा भाऊ एमिलही होता. शहराच्या हद्दीत हे तेल बनवण्यास मनाई झाली. नोबेलने मेलारेन सरोवरात एक पडाव नांगरला आणि काम तिथे हलवले.

तेल दूरदेशी जाऊ लागले, आणि त्याच्यामागोमाग मृत्यूही. एप्रिल १८६६ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर ‘युरोपियन’ हे जहाज उद्ध्वस्त झाले. त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत वेल्स फार्गो कंपनीच्या कचेरीजवळ एक गळकी पेटी उघडताना झालेल्या स्फोटाने माणसे आणि भिंती एकदमच उडवल्या. जुलैमध्ये अमेरिकी काँग्रेसने नायट्रोग्लिसरीनच्या वाहतुकीवर कायद्याचे निर्बंध घातले. हॅम्बुर्गजवळचा नोबेलचा क्रुमेल येथील कारखानाही त्याच वर्षी स्फोटात जमीनदोस्त झाला. आता तेल सुरक्षित करण्याचा उपाय सापडला नसता तर हा व्यवसायच संपला असता.

नोबेलने एल्ब नदीत तराफा बांधून प्रयोग पुन्हा सुरू केले. तेल द्रवरूपात आहे तोवर ते गळणारच, पाझरणारच. तेव्हा ते एखाद्या घन पदार्थात मुरवायला हवे. कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा, विटांची पूड, सिमेंट असे एकेक पदार्थ त्याने तपासले. अखेर क्रुमेलच्याच परिसरातली कीझेलगुर ही हलकी, सच्छिद्र माती हाती आली. सूक्ष्म शैवालांच्या कवचांची ही माती आपल्या वजनाच्या तिप्पट तेल शोषून घेई आणि तरी मळता येई! तिच्या कांड्या वळता येत. त्या आपटल्या तरी शांत राहत आणि डिटोनेटरचा धक्का बसताच खडक फोडत. गळक्या डब्यामुळे हा शोध योगायोगाने लागला, अशी आख्यायिका पुढे पसरली. नोबेलने ती ठामपणे नाकारली, आणि इतक्या पदार्थांची त्याने घेतलेली पारख पाहता त्याचेच म्हणणे पटते.

१८६७ मध्ये तेल आणि मातीच्या या मिश्रणाचे, म्हणजेच डायनामाइटचे, पेटंट मिळाले. जुलैमध्ये इंग्लंडमधल्या मर्स्टहॅमच्या दगडखाणीत नोबेलने जमलेल्या लोकांदेखत डायनामाइट आगीत टाकले, कड्यावरून खाली फेकले. स्फोट झाला नाही. मग डिटोनेटर लावला आणि खाण हादरली.

तरीही भीती ओसरली नव्हती. १८६९ च्या ब्रिटिश कायद्याने विशेष परवान्याशिवाय नायट्रोग्लिसरीन बनवणे, विकणे आणि वाहून नेणे रोखले. ते ज्यात मिसळले आहे असे पदार्थही त्यातून सुटले नाहीत. सुरक्षिततेसाठी घडवलेले डायनामाइट त्यामुळे तेलाच्याच पंक्तीत बसले. नोबेलने पुन्हा झगडा मांडला आणि १८७१ मध्ये स्कॉटलंडमधील आर्डीर येथील वालुकामय किनाऱ्यावर कारखान्यासाठी जागा मिळवली. १८७५ मध्ये ब्रिटनने स्फोटकांचा व्यापक कायदा केला आणि १८८४ मध्ये भारतातही स्फोटकांचा कायदा आला. त्याच्या अंमलबजावणीचे केंद्रीय मुख्यालय आज नागपुरात आहे.