हायकूचे ग्राफिक्स ड्रायव्हर : २००१ ते २०२५

ऑगस्ट २००१ मध्ये ‘बी’ कंपनीचं तंत्रज्ञान पाम कंपनीला विकायचं ठरलं आणि ‘बीओएस’ ही तिची देखणी, चपळ संगणकप्रणाली पोरकी झाली. तिच्या चाहत्यांनी त्याच महिन्यात ती पहिल्यापासून नव्याने, खुल्या परवान्याखाली लिहायला घेतली. तीच आजची ‘हायकू’. कर्नल, फाइल-प्रणाली, खिडक्या हळूहळू उभ्या राहिल्या. ग्राफिक्स कार्डांशी झगडा मात्र संपेना.

बीओएसने वारशात दिलेली रचना साधी होती. कर्नलमध्ये छोटा ड्रायव्हर आणि पडदा रंगवणाऱ्या सर्व्हरमध्ये चढवला जाणारा ‘ॲक्सिलरंट’. रिझोल्यूशन ठरवणं, कर्सर हलवणं, चौकोन भरणं एवढंच त्याचं काम. कार्डाची कागदपत्रं हाती आली तर एकटा माणूसही ते निभावून नेई. मॅट्रॉक्स आणि एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांचे ड्रायव्हर मोजक्या स्वयंसेवकांनीच घडवले.

पुढे कार्ड म्हणजे स्वतंत्र संगणकच झाला. त्याची मेमरी सांभाळायची, आज्ञांच्या रांगा लावायच्या, कार्डावर चालणारे शेडर प्रोग्रॅम कंपाइल करायचे, हे मूठभर स्वयंसेवकांच्या आवाक्यातलं नव्हतं. २००७ मध्ये एएमडीने रेडिऑनची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली. त्यानंतर हायकूचा रेडिऑन ड्रायव्हर पडदा नीट लावू लागला, पण थ्रीडीचा भार मुख्य प्रोसेसरवरच राहिला. सप्टेंबर २०१८ मध्ये पहिली बीटा आवृत्ती आली, तीही अशीच. रोजच्या वापरात हे फारसं जाणवत नसे, कारण हायकू खिडक्या मुळात प्रोसेसरवरच रंगवते. अडचण व्हायची ती गेम आणि थ्रीडी प्रोग्रॅमना.

२०२१ मध्ये दिशा बदलली. एका स्वयंसेवकाने ‘मेसा’ या खुल्या ग्राफिक्स प्रकल्पातला ‘आरएडीव्ही’ हा व्हल्कन (थ्रीडी इंटरफेस) ड्रायव्हर जुन्या रेडिऑन कार्डांवर हायकूमध्ये प्रायोगिकरीत्या चालवून दाखवला. मेसाचा बहुतेक कोड कर्नलबाहेर चालतो, त्यामुळे नव्याने लिहायचा होता तो खालचा थर. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने लिनक्ससाठीच्या आपल्या कर्नल मॉड्यूलचा कोड खुला केला. त्यातला मोठा भाग लिनक्सला बांधलेला नाही आणि कार्ड सांभाळण्याचं बरंच काम कार्डावरच्याच प्रोसेसरमधलं फर्मवेअर करतं. म्हणून एनव्हिडियाच्या ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांसाठी तो हायकूवर आणण्याचं काम २०२५ मध्ये दिसू लागलं.

सप्टेंबर २०२४ च्या पाचव्या बीटातही मात्र थ्रीडी प्रोसेसरवरच चालतं. प्रयोग साधला म्हणजे तो सगळ्यांच्या हाती पोचला असं होत नाही. तरीही या वर्षांचा धडा स्पष्ट आहे. प्रत्येक कार्डासाठी ड्रायव्हर लिहायच्या शर्यतीत लहान प्रणाली हरणारच. इतरांनी खुला केलेला कोड उतरवून घेता येईल असा जोडथर नीट बांधणं आणि तो टिकवणं तिला झेपतं. हायकूने पुढची ताकद तिथेच लावावी.